लयीचा सूर होतो तेव्हा

जरा वेळ काढून बसा. पाठ टेकली तरी चालेल, मांडी घातली तरी चालेल. श्वास आपल्या चालीने येऊ-जाऊ द्या. आज मनाने एका इंजिनाजवळ जायचं आहे आणि तिथे पोचायची घाई करायची नाही.

आधी एक ओळखीचा आवाज आठवा. पहाट आहे. दूधवाल्याने स्प्लेंडर चालूच ठेवून फाटकाशी उभी केली आहे आणि तो जिना चढून वर गेला आहे. ती गाडी मंद लयीत धडधडते आहे. तिच्यात एकच सिलिंडर, 97.2 सीसीचा. इंजिन मिनिटाला चौदाशेच्या आसपास फेरे घेतं आणि दर दोन फेऱ्यांना एकदा इंधन पेटतं. म्हणजे सेकंदाला बाराएक ठोके. मोजायला गेलात तर चुकाल, पण एकेक ठोका वेगळा कानावर पडतो. काही क्षण तेवढंच ऐका.

आता तो सिलिंडर मनातल्या मनात किंचित लहान करा. 97 चा 93 सीसी. त्यातला पिस्टन खाली-वर जातो ते अंतर जेमतेम तीन बोटांच्या रुंदीचं. असे सोळा सिलिंडर घ्या. आठ या बाजूला, आठ त्या बाजूला, एखादं पुस्तक उघडून उताणं ठेवावं तसे दोन्हीकडे कललेले. सोळांची मिळून क्षमता दीड लिटरच्या आतच, 1,488 सीसी. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम मोटारीइतकी.

हे इंजिन इंग्लंडमध्ये लिंकनशायरमधल्या बोर्न या लहान गावात घडलं. रेमंड मेज आणि पीटर बर्थन या दोघांनी ते मनात धरलं होतं. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, देशात अजून रेशन चालू, आणि अशा दिवसांत शंभराहून अधिक ब्रिटिश कारखान्यांनी कुणी पैसा, कुणी सुटे भाग देऊन हे काम उचलून धरलं. गाडीचं नाव बी.आर.एम., ब्रिटिश रेसिंग मोटर्स. डिसेंबर 1949 मध्ये ती लोकांसमोर आली.

सोळाच सिलिंडर का, यावर थोडं थांबू या. त्या वेळचा नियम असा होता की सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, लावायचा तर इंजिन दीड लिटरपेक्षा मोठं नको. आकार बांधलेला. मग ताकद आणायची कुठून? फेऱ्यांतून. पिस्टन जितका लहान आणि हलका, तितका तो जास्त वेगाने फिरवता येतो. म्हणून मोठ्या चार घोटांऐवजी लहान सोळा घोट. मिनिटाला बारा हजार फेऱ्यांपर्यंत हे इंजिन न्यायचं, असा तो विचार होता.

बारा हजार हा आकडा नुसता वाचून पुढे जाऊ नका. तो हळूहळू उलगडा. मिनिटाला बारा हजार म्हणजे सेकंदाला दोनशे फेरे. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन दोनदा थांबतो, एकदा वरच्या टोकाला, एकदा खालच्या. सेकंदाला चारशे वेळा तो धातूचा तुकडा पूर्ण थांबतो आणि चारशे वेळा उलटा धावतो. मला स्वतःला त्या वेगापेक्षा ते थांबणं जास्त विलक्षण वाटतं. तुमच्या एका श्वासात हजाराहून अधिक थांबे होऊन जातात.

आता पुन्हा दूधवाल्याच्या गाडीकडे या. सेकंदाला बारा ठोके. मूठ किंचित पिळा. पंधरा होतात, वीस होतात. साधारण इथे कुठेतरी कान ठोके वेगळे धरणं सोडून देतो. ते एकमेकांत मिसळतात आणि एक जाड, खर्जातला नाद होतो. ठोका तोच आहे, इंधन तसंच पेटतं आहे. लय इतकी दाट झाली की तिचा सूर झाला. आपल्याकडे लय आणि सूर ही दोन वेगळी अंगं मानून शिकवतात. इंजिन ती दोन्ही एकाच धाग्याची टोकं असल्याचं ऐकवतं.

तो धागा वर ओढत चला. सोळा सिलिंडर, प्रत्येकात सेकंदाला शंभर स्फोट. एकूण सोळाशे. सेकंदाला सोळाशे कंपनं म्हणजे गायिकेच्या तार सप्तकाच्याही वरची जागा. ज्यांनी हा आवाज शर्यतीच्या मार्गाच्या कडेला उभं राहून ऐकला, ते त्याला गुरगुर म्हणत नाहीत, किंकाळी म्हणतात. कापड टरकन फाटावं आणि फाटतच राहावं, असा तो आवाज. या इंजिनाच्या वेडाने लोक दूरदूरहून येतात ते या आवाजासाठी, आणि त्यांना वेडे म्हणायला मी तयार नाही.

आता मनाला जड वाटेल अशा जागी जायचं आहे. 26 ऑगस्ट 1950, इंग्लंडमधलं सिल्व्हरस्टोन. सगळा देश ज्या गाडीची वाट पाहत होता ती पहिल्या शर्यतीला उभी आहे. आत फ्रेंच चालक रेमंड सोमेर. झेंडा पडतो, तो क्लच सोडतो, आणि ताकद चाकांकडे नेणारी जोडणी तुटते. बाकीच्या गाड्या निघून जातात. ही जागची हलत नाही. ती ढकलत नेली जाते तेव्हा काही प्रेक्षक चालकाच्या जागेत पेनीची नाणी फेकतात. पंधराच दिवसांनी, 10 सप्टेंबरला, फ्रान्समधल्या कादूर इथे दुसऱ्याच गाडीत शर्यतीच्या अपघातात सोमेर गेला. त्या नाण्यांचा आवाजही क्षणभर ऐका. तोही याच इतिहासातला आहे.

त्याच महिन्याच्या अखेरीस गुडवुडला भर पावसात रेग पार्नेलने दोन छोट्या शर्यती याच गाडीने जिंकल्या. पण जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीत हे सोळा सिलिंडरांचं इंजिन धावलं ते एकदाच, जुलै 1951 मध्ये सिल्व्हरस्टोनला. पार्नेल पाचवा, पीटर वॉकर सातवा. गाडी आतून इतकी तापली की दोघांचे पाय भाजले. पुढच्या वर्षी अजिंक्यपदाच्या शर्यती वेगळ्या नियमांवर गेल्या.

दोष कुठे होता, तेही शांतपणे पाहू. सुपरचार्जर रोल्स-रॉइसचा, विमानांच्या इंजिनांवर हात बसलेल्या लोकांचा. तो केंद्रोत्सारी होता. फेरे दुप्पट झाले की त्याचा दाब जवळजवळ चौपट होतो. आकाशात हे उत्तम, कारण विमान एका गतीने तासन्‌तास जातं. वळणावर मात्र मागचं चाक जरा घसरलं की फेरे वाढत, फेऱ्यांनी दाब वाढे, दाबाने ताकद, आणि चाक आणखी घसरे. चालकाने पाय किती दाबावा याला जागाच उरत नसे. शिवाय इतके बारीक भाग. कुठे पाण्याची गळती, कुठे तुटका दांडा. आणि तरी ध्यानात घ्या, इंजिनाला दमवणारी जी रचना होती, तिच्यातूनच तो आवाज निघत होता. सिलिंडर कमी केले असते तर इंजिन टिकाऊ झालं असतं, आणि तो सूर आपल्याला कधीच ऐकू आला नसता.

याच्या उलट उदाहरण म्हणजे कॉसवर्थ डीएफव्ही हे शर्यतींचं इंजिन. 1967 मध्ये नेदरलँड्समधल्या झांडफोर्टला पहिल्याच शर्यतीत चालक जिम क्लार्कने त्याला विजय मिळवून दिला, आणि 1983 पर्यंत त्या घराण्याच्या नावावर 155 विजय झाले. थोर इंजिन. त्याला नमस्कार करून आपण परत येऊ.

आता नाकाने ऐका. त्या काळच्या कितीतरी शर्यतींच्या गाड्यांत वंगण म्हणून एरंडेल असे. कॅस्ट्रॉल या नावात इंग्रजीतला एरंडच आहे. तापलेल्या धातूला ते तेल चिकटून राहतं, म्हणून ते हवं असे. मग शर्यतीनंतर त्याचा चिकट थर बसतो, म्हणून इंजिन पुन्हा उघडून पुसावं लागतं. जळलेल्या एरंडेलाचा गोडसर वास आला की जुन्या गाड्यांचे प्रेमी मान वळवतात. आपल्यातल्या अनेकांना एरंडेल म्हटलं की आजीच्या हातातला चमचा आणि घट्ट मिटलेलं तोंड आठवतं. दोन्ही आठवणी शेजारी ठेवा.

आणि शेवटी त्या हातांकडे पाहा. असं इंजिन सकाळी लगेच पळवत नाहीत. ते आधी हलक्या फेऱ्यांवर तापवतात, धातू फुगून एकमेकांत नीट बसेपर्यंत थांबतात, मगच पुढचं. पाना हातात धरलेला माणूस त्या वेळी बोलत नाही. मान तिरकी करून ऐकत असतो. सोळांतला एक चुकला तरी त्याला कळतं. यंत्रासमोर इतकं पूर्ण गप्प होणं ही मला उपासनाच वाटते.

2021 मध्ये, बी.आर.एम.चे एकेकाळचे मालक असलेल्या ओवेन कुटुंबाच्या पुढाकाराने त्याच बोर्न गावात, मूळ आराखड्यांवरून, या गाडीची नवी प्रत उभी राहिली. तिचं इंजिन चालू झालं तेव्हाचा आवाज ध्वनिमुद्रित आहे, जुन्या गाड्यांचाही आहे. आज रात्री दिवा मालवा, चित्र पाहू नका, आणि ठोक्यांचा सूर कुठे होतो ते कान देऊन ऐका.