क्लच कुणी दाबायचा?

सुरतच्या उधन्यात मामा-भाच्याचा वाद रंगलाय. सेकंडहँड बाजारात दोन गाड्या हेरून ठेवल्यात : 2016ची फियाट अबार्थ पुंटो आणि 2021ची ह्युंदाई आय20 एन लाइन. पैसे एकीपुरतेच.

भाचा : मामा, अबार्थच! रांजणगावची, 145 पीएसची. एन लाइन 120 वर थांबते. शिवाय तिच्या आयएमटीत क्लचचं पेडलच नाही. गिअर मी टाकणार, क्लच यंत्र दाबणार. मग गाडी चालवतंय कोण?

मामा : सापुताऱ्याच्या घाटात हा प्रश्न शोभतो. पण रोज सकाळी रिंग रोडला, कापड मार्केटच्या टेम्पोंमागे डावा पाय भरून आला की त्याच यंत्राला दुवा देशील.

भाचा : सोय म्हणजे मजा नव्हे.

मामा : नव्हेच. पण मजेचं बिल येतं. अबार्थच्या टी-जेट इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, इंजिन खोलावं लागतं. बेल्ट बदलल्याचं बिल आहे विकणाऱ्याकडे? फियाटने इथला धंदा गुंडाळलाय. पार्टसाठी तूच फोन फिरवणार. एन लाइनला चेन आहे आणि सर्व्हिस सेंटर गावात.

भाचा : म्हणजे कंपनी गेली म्हणून चांगलं यंत्र भंगारात? सगळ्यांनी असाच हिशेब मांडला तर अबार्थ उरणारच नाही.

मामा : खरंय. कुणीतरी ती सांभाळायलाच हवी. पण हे व्रत तू घेणार. मागच्या सीटवरच्यांनी घेतलेलं नाही. सूनबाई पोराला घेऊन रात्री नवापूरजवळ अडकली, तर तिला स्टिअरिंगचा फील सांगणार का? अबार्थला एअरबॅग दोनच, या एन लाइनला सहा.

भाचा : मग संसारी माणसाने हौस करूच नये?

मामा : खुशाल कर. फक्त हौसेची जोखीम न विचारता दुसऱ्याच्या माथी मारू नकोस. घरी विचारलंस?

भाचा : नाही.

मामा : मग आपण दोघं कसला निकाल लावतोय? तरी माझं मत ऐक. घरात एकच गाडी असेल तर एन लाइन. दुसरी दारात असेल, फियाटचा जाणकार मेकॅनिक ओळखीचा असेल आणि बेल्टचं बिल हातात असेल, तर अबार्थ. यातलं एक जरी नसेल, तर टोकन देऊ नकोस.