देहाचा नेम

‘देह नाशिवंत आहे, मग त्याचे एवढे लाड कशाला?’ असा प्रश्न आपल्या मंडळींत पुष्कळदा निघतो. प्रश्न खोटा नाही. देह जाणारच. परंतु जी वस्तू जाणार ती हयगयीने वापरावी, असे त्यातून कोठे निघते? वीणाही लाकडाचीच, एक दिवस तीही मोडणार. म्हणून विणेकरी तिला उन्हापावसात टाकून देतो काय? लाड वेगळे आणि राखण वेगळी. लाडात देह मालक होतो, राखणीत तो सेवक राहतो.

दुसरे कोणी म्हणेल, ‘मी दरसाल पायी वारी करतो, मला आणखी चालणे कशाला?’ आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. पालखीबरोबर तीन आठवड्यांच्या आतबाहेर ही वाट सरते. चाल मोठीच. पण उरलेले अकरा महिने गल्ल्यावर नाहीतर खुर्चीत गेले तर? शरीराचा हिशेब एकरकमी भरण्याचा नाही. स्नायूंना काम पडले म्हणजे ते रक्तातली साखर ओढून घेतात. पण बसून राहिले की हा गुण दोन-तीन दिवसांत ओसरू लागतो. हाडेही भार पेलूनच भक्कम राहतात. आषाढातली चाल माघापर्यंत कशी पुरणार?

१९५३ साली डॉ. जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बसनोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दुमजली बसचे जिने चढउतार करणारा. कंडक्टरांत हृदयविकार कमी आढळला. तेवढ्यावरून सारे सिद्ध झाले नाही. ड्रायव्हर मुळातच अंगाने स्थूल होते, हे मॉरिस यांनीच १९५६ साली गणवेशांच्या मापांवरून दाखवले. पण पुढच्या अनेक अभ्यासांचा कौल चालत्या-फिरत्या माणसाकडेच पडला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे दमदार चालण्यासारखे श्रम सांगितले आहेत; शिवाय दोन दिवस स्नायूंना बळ देणारी कामे. मुळीच न करण्यापेक्षा थोडे केलेलेही बरे, असेही तिने म्हटले आहे.

म्हणजे रोज पंचवीस-तीस मिनिटे. एवढे का होत नाही? कारण आजचा आळस आजच गोड लागतो आणि फळ वीस वर्षांनी येते. ते भोगणारा म्हातारा आज समोर उभा नसतो, म्हणून त्याच्यावर अन्याय करणे सोपे जाते. आणि तो एकटाच भोगतो का? त्याला उठवणारी, बसवणारी सून असते, लेक असते. आपल्या आजच्या ‘राहू दे’चे ओझे तिच्या खांद्यावर जाते. ही गोष्ट केवळ प्रकृतीची नाही, धर्माची आहे.

मात्र माउली, एक पथ्य पाळावे. आजार आला की माणसाचे काही चुकलेच असेल, असे समजू नये. नेमाने चालणाराही आजारी पडतो. कोणाचे गुडघे जन्मापासूनच साथ देत नाहीत. दिवसभर वाकून खुरपणी करणाऱ्या बाईला ‘जरा फिरून या’ म्हणणे तर क्रूरपणाच. तिला विसावा हवा आणि तिच्या डोक्यावरचा हंडा उचलणारा हात हवा. नेम स्वतःला लावायचा असतो, दुसऱ्याला मोजायला नव्हे.

एकादशी आपण मनाला विचारून धरत नाही. ती आली की धरतो. चालण्याचेही तसेच करावे. वेळ ठरवावी, सोबती धरावा, प्रकृती नाजूक असल्यास वैद्य-डॉक्टरांना विचारून बेताने आरंभ करावा. एखादा दिवस चुकला तर कष्टी न होता दुसऱ्या दिवशी पुन्हा वाट धरावी. मुखी नाम असेल तर ते तेवढे अंतर सहज चालवून नेते, हे वारकऱ्याला निराळे सांगायला नको.