जागा अडवणारा माणूस

एप्रिल 2023. पोर्तुगालच्या दुसऱ्या डिव्हिजनमधली एक मॅच जवळपास संपलेली. ऑलिवेरेन्स क्लबच्या बेंचवरून एक जपानी खेळाडू उठतो आणि अगदी शेवटी, बदली म्हणून मैदानात येतो. वय वर्षं 56.

मी ती क्लिप रात्री दीडला बघितली आणि मित्रांच्या ग्रुपवर टाकली. लगेच दोन तट पडले. एकाने नुसतं ‘लेजेंड’ लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं, ‘घरी बस की आता. पोरांची जागा कशाला अडवतोस?’ मला हे दुसरं वाक्य लागलं. कारण तेच वाक्य मी एका माणसाबद्दल दोन सीझन मनातल्या मनात म्हणत होतो, कोल्हापुरात, बेंचवर बसून.

त्या माणसाकडे नंतर येतो. आधी काझु.

काझुयोशी मिउरा, 1967 चा जन्म, गाव शिझुओका. 1982 मध्ये, पंधराव्या वर्षी, हायस्कूल अर्धवट सोडून तो फुटबॉल शिकायला ब्राझीलला गेला. तेव्हा जपानमध्ये प्रोफेशनल लीगच नव्हती. कंपन्यांच्या टीम असायच्या आणि बरेच खेळाडू त्या कंपन्यांचे नोकर असायचे. म्हणजे ज्या करिअरसाठी त्याने घर सोडलं, ते करिअर त्याच्या देशात अस्तित्वातच नव्हतं. साओ पाउलोमधल्या जुव्हेंटुस क्लबच्या पोरांच्या टीममध्ये तो घुसला (इटलीवाला युव्हेंटस नव्हे, फक्त नाव तेच). 1986 मध्ये सांतोसने त्याला घेतलं. पेलेचं सांतोस. पुढची चार वर्षं ब्राझीलमधल्या लहानमोठ्या क्लबांतून भटकंती आणि 1990 मध्ये परत मायदेशी.

1993 मध्ये जे-लीग सुरू झाली तेव्हा तिचा चेहरा काझुच होता. पहिल्या सीझनचा सर्वोत्तम खेळाडू तोच. गोल केल्यावरचा त्याचा नाच सगळ्या देशाला पाठ. त्याच वर्षी 28 ऑक्टोबरला दोहामध्ये इराकविरुद्ध त्याने सुरुवातीलाच गोल केला. जपान 2-1 ने पुढे होता आणि पहिला वर्ल्ड कप हातात आलाच होता. इंज्युरी टाइममध्ये इराकने बरोबरी साधली आणि सगळं गेलं. त्या रात्रीला जपानमध्ये आजही ‘दोहाची शोकांतिका’ म्हणतात.

1994 मध्ये तो इटलीत जेनोआकडे गेला. सेरी आ खेळणारा पहिला जपानी. पहिल्याच मॅचमध्ये मिलानच्या फ्रांको बारेसीशी धडकून नाकाला जबर मार. पूर्ण सीझनमध्ये एकच गोल, पण तो सांपदोरियाविरुद्धच्या डर्बीत. जेनोआच्या जर्सीवर तेव्हा केनवूड या जपानी कंपनीचं नाव होतं. त्यामुळे याला पाय बघून घेतलाय की पासपोर्ट बघून, अशी कुजबुज होतीच. ही कुजबुज लक्षात ठेवा.

मग 1998. जपान पहिल्यांदाच वर्ल्ड कपला पात्र ठरला. पात्रता फेरीत काझुने उझबेकिस्तानविरुद्ध चार गोल मारले होते, पण नंतर त्याचे गोल आटले. टीम स्वित्झर्लंडमध्ये सरावाला होती. जूनच्या सुरुवातीला कोच ताकेशी ओकादाने 25 जणांतून तिघांना वगळलं आणि त्यात काझुचं नाव होतं. 31 वर्षांचा, देशासाठी पन्नासच्या वर गोल केलेला माणूस. तो केस रंगवून जपानला परतला आणि पत्रकारांना म्हणाला की, जपानचा खेळाडू म्हणून असलेला अभिमान, आपला जीव, आपण तिकडेच ठेवून आलोय. वर्ल्ड कप त्याला कधीच खेळायला मिळाला नाही.

इथे बहुतेकांची गोष्ट संपली असती. ‘ज्याच्यासाठी धडपडलो ते मिळालं नाही, तर आता कशाला?’ हा प्रश्न साधा आहे आणि त्याला चांगलं उत्तर सहसा नसतं. काझु मात्र खेळतच राहिला. झाग्रेब, क्योतो, कोबे, 2005 पासून योकोहामा एफसी, मध्येच सिडनी. 12 मार्च 2017 ला दुसऱ्या डिव्हिजनच्या मॅचमध्ये त्याने गोल मारला, वय 50 वर्षं 14 दिवस. इंग्लंडच्या स्टॅन्ली मॅथ्यूजने 50 वर्षं 5 दिवस या वयात लीग मॅच खेळून केलेला विक्रम काझुने त्याच्या आदल्याच आठवड्यात मोडला होता. (मॅथ्यूज नंतर म्हणायचा की आपण जरा लवकरच थांबलो. पन्नाशीत निवृत्त होऊन!)

याच्या अगदी उलट टोकाला हिदेतोशी नाकाता आहे. 1998 च्या ज्या वर्ल्ड कपला काझु मुकला, तिथे तो जपानचा स्टार होता. तिथून पेरुजा, मग रोमाबरोबर 2001 ची लीग जिंकली. 2006 च्या वर्ल्ड कपमध्ये ब्राझीलकडून हरल्यावर तो मैदानाच्या मधोमध कितीतरी वेळ उताणा पडून राहिला आणि थोड्याच दिवसांत स्वतःच्या वेबसाइटवर निवृत्ती जाहीर केली. वय 29.

आपल्याकडे शहाणपण म्हणून नाकाता शिकवला जातो. लोक ‘का थांबलास?’ असं विचारत असतानाच थांबावं, ‘कधी थांबणार?’ विचारायची वेळ येऊ देऊ नये. प्रत्येक क्रिकेटपटूच्या उतरणीला हे वाक्य आपण ऐकतो. मला त्यात एक खोट दिसते. हा सल्ला खेळणाऱ्याच्या भल्याचा नसून बघणाऱ्याच्या सोयीचा आहे. आपल्या आठवणीतलं त्याचं चित्र खराब होऊ नये म्हणून त्याने उठावं, असं आपण म्हणत असतो. त्याच्या आयुष्याने आमची फ्रेम का सांभाळावी?

अ‍ॅरिस्टॉटलने एक भेद केलाय तो इथे कामाला येतो. काही कृतींचं टोक त्यांच्या बाहेर असतं, उदाहरणार्थ घर बांधणं. घर बांधून झालं की बांधणं संपतं. काही कृती मात्र करतानाच पूर्ण असतात, उदाहरणार्थ बघणं. ‘माझं बघून झालं, आता डोळ्यांचं काय काम?’ असं कोणी म्हणत नाही. करिअर हे घर बांधण्यासारखं आहे. त्यात वर्ल्ड कप, ट्रॉफ्या, निरोपाची मॅच अशा विटा असतात. काझुचं घर 1998 मध्ये अर्धवट राहिलं आणि तरी तो रोज सकाळी ट्रेनिंगला गेला. मग तो घर बांधत नसावाच. तो बघत होता.

इथपर्यंत मला छान वाटतं. पण बघण्यात आणि फुटबॉलमध्ये एक फरक आहे, आणि तो अ‍ॅरिस्टॉटलला सांभाळायची गरज नव्हती. मी बघितल्याने दुसऱ्या कोणाचे डोळे मिटत नाहीत. फुटबॉलमध्ये जागा अकराच. काझु आत म्हणजे कोणीतरी बाहेर.

आता कोल्हापूर.

मी 19 वर्षांचा होतो. पेठेतल्या टीमला माझ्याच पोझिशनवर एक आण्णा खेळायचे, वय 36. पळणं कमी झालं होतं, पण बॉल पायाला चिकटलेला. शाहू स्टेडियम भरलेलं असायचं, आण्णांच्या नावाने शिट्ट्या पडायच्या आणि मी ट्रॅकसूट घालून बसलेलो. एकदा कोणीतरी त्यांना चेष्टेत विचारलं, “आण्णा, पोरांस्नी जागा कधी देनार?” ते म्हणाले, “जागा देत्यात व्हय कुटं? पायजे त्यानं काढून घ्यावी की.”

मला तो माज वाटला. आज त्यातला अर्धा भाग खरा वाटतो. जागा कोणाच्या मालकीची नसते, ती दर आठवड्याला नव्याने मिळवायची असते. मग वय हा आरोप होऊच शकत नाही. 36 चा माणूस चांगला खेळत असेल तर 19 च्या पोराचं त्याच्यावर काहीही देणं नाही. पण उरलेला अर्धा भाग आण्णांनी सांगितला नव्हता. टीम निवडणारे सगळे त्यांच्याबरोबर खेळलेले, त्यांच्याबरोबर कट्ट्यावर बसणारे. मी काढून घ्यायला गेलो असतो तरी ती मोजणार कोण होतं?

काझुच्या शेवटच्या वर्षांबद्दल माझी तक्रार नेमकी इथे आहे. ऑलिवेरेन्स क्लबमधला मोठा हिस्सा ज्या ओनोडेरा ग्रुपने घेतला, तोच योकोहामा एफसीचा मालक. आपल्याच एका क्लबमधून दुसऱ्या क्लबमध्ये त्यांनी जपानमधलं सर्वात ओळखीचं नाव लोनवर नेलं. जेनोआची कुजबुज तीस वर्षांनी पुन्हा. तेव्हा निदान तो 27 वर्षांचा होता आणि डर्बीत गोल मारून उत्तर देऊ शकत होता. शेवटच्या दोन-चार मिनिटांत कोण काय उत्तर देणार?

सप्टेंबर 2020 ची मॅच घ्या. 53 वर्षांचा काझु जे-लीगच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये, त्या वर्षी चॅम्पियन झालेल्या कावासाकीविरुद्ध, कॅप्टन म्हणून पहिल्या अकरात. 56 मिनिटं खेळला, टीम 3-2 ने हरली. हे खेळासाठी होतं की बातमीसाठी? मला अजून ठरवता आलेलं नाही.

सुझुकाच्या बाबतीत मात्र मी त्याच्या बाजूने आहे. 2022 मध्ये तो चौथ्या पायरीच्या लीगमध्ये, जे.एफ.एल.मध्ये, सुझुकाकडून खेळायला गेला. कोच त्याचा सख्खा भाऊ, म्हणजे निवडणारा इथेही घरचाच, हे मान्य. पण ज्या माणसाच्या नावावर अख्खी लीग उभी राहिली तो तीन पायऱ्या खाली उतरला, लहानशा क्लबमध्ये. त्या वर्षी टोकियोच्या नॅशनल स्टेडियमवर सुझुकाच्या एका मॅचला 16 हजारांहून जास्त लोक आले. चौथ्या पायरीवरची पोरं एरवी इतक्या गर्दीपुढे कधी खेळणार? ती बहुतेक काझुला बघायला आलेली, पण त्यांनी बघितलं सगळ्यांनाच. तिथे एक जागा अडली असेल, पण आजूबाजूच्या दहा जागांवर उजेडही पडला.

म्हणजे खेळायची इच्छा धरणाऱ्याला मी दोषी धरत नाही. निवडणाऱ्याला धरतो. 1998 मध्ये ओकादाने जे केलं ते क्रूर होतं, पण प्रामाणिक होतं. त्याने काझुला खेळाडू म्हणून मोजलं आणि कमी भरला म्हणून काढलं. नंतरच्या अनेकांनी त्याला मोजलंच नाही, फक्त वापरलं. अर्थात काझुलाही हे कळत असणार. चाळीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला आपली जर्सी का विकली जाते हे माहीत नसेल, असं मानणं म्हणजे त्याचा अपमानच.

ओकादाच्या त्या टीममध्ये शिंजी ओनो नावाचा 18 वर्षांचा पोरगा होता. काझु घरी गेला आणि ओनो वर्ल्ड कप खेळला. ‘पोरांना जागा’ म्हणतात ती हीच. पुढे तो नेदरलँड्समध्ये फेयेनूर्दकडून युएफा कप जिंकला, भरपूर दुखापती सोसल्या आणि 2023 अखेर 44 व्या वर्षी निवृत्त झाला. त्यानंतरही, 2024 मध्ये, काझु सुझुकाकडे परत गेला.

माझं म्हणाल तर, तिसऱ्या सीझनला आण्णांचा गुडघा गेला. जागा रिकामी झाली आणि ती मला मिळाली नाही. माझ्याहून तीन वर्षांनी लहान असलेल्या, माझ्याहून वेगवान पोराला मिळाली. ज्या जागेवर आण्णा बसलेत असं मी दोन वर्षं समजत होतो, ती माझी कधी नव्हतीच. त्याच उन्हाळ्यात मी खेळणं सोडलं. घरी, मित्रांना, सगळ्यांना सांगितलं की नोकरीमुळे. नोकरी लागायला अजून आठ महिने होते.

गेल्या दिवाळीत आण्णा भेटले. आता 48 चे आहेत, गुडघ्याला पट्टा. दर रविवारी सकाळी त्यांच्या वयाच्या लोकांबरोबर अर्ध्या मैदानावर खेळतात. पिशवीत बूट होते. त्यांनी विचारलं, “खेळतोस का न्हाई अजून?”

मी म्हणालो, “न्हाई आण्णा, वेळच मिळत नाही.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “रविवारी सात वाजता असतो आमी. एक माणूस कमीच पडतोय.”

मी अजून गेलेलो नाही.