सवय आणि अभ्यास

तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागला की शुभंकरोती आणि त्यापाठोपाठ पाढ्यांची परवचा, हा आपल्याकडील कित्येक घरांचा जुना शिरस्ता. परवचा म्हणणाऱ्या मुलाला, 'हे तुला हवे आहे काय?' असे कोणी विचारीत नसे. सवय बहुधा अशीच, समज येण्याआधी लागते. मग न कळत्या वयात लावलेल्या चांगल्या सवयीला संस्कार म्हणावे की सक्ती?

सद्‌गुण जन्मजात नसतो. न्यायाची कृत्ये करता करता माणूस न्यायी होतो, जसा वाद्य वाजवता वाजवता वादक, असे ॲरिस्टॉटलचे प्रतिपादन आहे. परंतु त्याच ओघात तो हेही सांगतो की, उत्तम वादक आणि वाईट वादक दोघेही वाजवूनच घडतात. म्हणजे नुसत्या पुनरावृत्तीत पुण्य नाही. तंबाखूचा बार भरणाराही आपला नेम कधी चुकवीत नाही!

येथे आपल्या सीमाभागातील दोन भाषा एकमेकींच्या मदतीला येतात. मराठीत 'सवय' वेगळी आणि 'अभ्यास' वेगळा. कानडीत मात्र 'अभ्यास' हा शब्द सवयीलाही चालतो. या दोहोंना जोडणारा दुवा पतंजलीच्या योगसूत्रांत सापडतो. अभ्यास दृढ होण्यासाठी तेथे तीन अटी आहेत: तो दीर्घकाळ हवा, अखंड हवा आणि आदरपूर्वक हवा. पहिल्या दोन अटी व्यसनही पुऱ्या करते. सवयीचा अभ्यास होतो तो तिसरीमुळे.

महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या 'धर्मशास्त्राचा इतिहास' या इंग्रजी ग्रंथाचा पहिला खंड १९३० साली निघाला आणि पाचवा १९६२ साली पुरा झाला. पाने सहा हजारांहून अधिक. लेखक व्यवसायाने वकील. आरंभी वय पन्नास, अखेरीस ब्याऐंशी. १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळाले, हे जगाने पाहिले. मधल्या हजारो दिवसांना कोणी हार घातले नाहीत. बत्तीस वर्षे कोणाचाही उत्साह टिकत नाही. टिकतो तो नेम, आणि नेमाला टिकवतो विषयाविषयीचा आदर. उत्साह हे सणाचे पक्वान्न; नेम ही रोजची भाकरी.

हाच न्याय आपल्या घरांना लागू आहे. मूल कानडी किंवा इंग्रजी शाळेत जाते. रोज संध्याकाळी त्याने मराठीचे एक पान वाचावे, अशी आईवडिलांची इच्छा असते. ती रास्तच आहे. पण मुलाला पुस्तकापुढे बसवून वडील स्वतः मोबाईलमध्ये गढलेले असतील, तर मूल शिकते ते मोबाईलच. आदर हा सांगून देता येत नाही, तो दिसावा लागतो. पाहुणे आले, दुखणे आले, नेमात खंड पडला, तर कपाळाला हात लावण्याचे कारण नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पान उघडावे.

आणि एके दिवशी ते मूल 'का?' असे विचारील. तेव्हा 'आपल्यात असेच असते' एवढ्यावर बोळवण करू नये. ज्याने सवय लावली, त्याने ती स्वतः पाळली आणि प्रश्नाला उत्तर दिले, तर तो संस्कार. नाहीतर ती सक्तीच. भाषेच्या नावाने वर्षातून एक दिवस घसा कोरडा करणे त्या मानाने सोपे. उरलेल्या दिवसांची जबाबदारी मात्र त्या एका पानावर असते.