काचेवरचं कुंकू

माहीमला माझं फ्रेमचं दुकान आहे. देवांच्या तसबिरी दुरुस्तीला येतात तेव्हा काचेवर कुंकवाचा थर बसलेला असतो, तेलाने आणि उदबत्तीच्या धुराने घट्ट झालेला. ब्लेड लावण्याआधी मी विचारतोच. बरेच जण सांगतात, काच बदला, पण ते कुंकू पुडीत बांधून द्या. चित्रकारांचं उलट. काचेवर माझं बोट उमटलं तरी चिडतात. फ्रेमची पट्टी दोघांचीही एकाच गठ्ठ्यातली!

केमोल्ड गॅलरीचा आम्हा फ्रेमवाल्यांना उगाचच अभिमान आहे. ती काढणाऱ्या केकू गांधींचा धंदा 1940च्या दशकात फ्रेमचाच होता. 1963 साली जहांगीर कलादालनाच्या पहिल्या मजल्यावर ही गॅलरी निघाली. पुढे तिथेच जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रं लागली. वारल्यांच्या लग्नात सवाशिणी कुडावर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात, मधोमध पालघट देवी. लग्न लावणारी धवलेरी गाते, लग्न लागतं, मग तो चौक कुणी जपत बसत नाही. जिव्या पुरुष, आणि चित्र काढायला त्यांना लग्न लागत नसे. देवी त्यांच्याबरोबर कागदावर आली का?

मला वाटतं, नाही. आणि त्यात विटाळही काही नाही. देवपण आकारात नसतं, चाकरीत असतं. आमच्या शितळादेवीला रोज हार, नैवेद्य लागतो. बुधवारी सेंट मायकल चर्चला लोक मेणाचे हात-पाय घेऊन येतात; ते चांगले घडलेत का, हे कुणी बघत नाही. कुणी म्हणेल, देवळातही गाभाऱ्यात कुठे जाऊ देतात? पण पुजारी आपल्या वतीने हात लावतो. गॅलरीत मोजे घालून चित्र उचलणारा माणूस आपल्या वतीने उचलत नाही. जिथे काही करताच येत नाही, तिथे देव राहील कशाला?

इथवर माझा हिशेब चोख बसतो. तो बिघडवतात चित्रकार वासुदेव गायतोंडे, गिरगावच्या चाळीत राहिलेले. काळा घोड्याच्या वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांचा संग्रह आहे, त्यात गायतोंडेंची चित्रं आहेत. ना देवी, ना आकार, नुसता रंग. फूल वाहावंसं वाटत नाही, काही मागावंसंही वाटत नाही. तरी मी चपला काढायला वाकलो होतो, आणि पहारेकरी माझ्याकडे संशयाने बघत होता.