आजींचा प्रश्न

पावसाळ्यात पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे जाताना डोंगरावरचे धबधबे पाहून आमचे मन हरखले. त्या मुलखातल्या एका कातकरी वाडीत नाचणीची भाकरी, टाकळ्याची भाजी आणि ओढ्यातले खेकडे खाऊन आम्ही तृप्त झालो. निघताना घरच्या आजींनी सहज विचारले, आता आम्ही तुमच्याकडे कधी यायचे? आम्ही निरुत्तर झालो.

खैरापासून कात काढणारे ते कातकरी. आज त्यांतली अनेक कुटुंबे पावसाळा सरताच वीटभट्ट्यांची वाट धरतात. आम्हांला जो रानमेवा वाटला, ती त्यांची आषाढातली निकड होती.

तेथून महाड जवळच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचे पाणी प्याले, ते तहानेसाठी नव्हे. सार्वजनिक पाणवठ्यावर आपलाही हक्क आहे हे सिद्ध करण्यासाठी. कोणी म्हणेल, आम्ही तर त्यांच्या हातचे आनंदाने जेवलो. मग भेद उरला कुठे? परंतु दुसऱ्याच्या घरी जेवणे सोपे असते. तेथे आपले काहीच द्यावे लागत नाही. बरोबरीची कसोटी आपल्या पंगतीत लागते. आजींना आम्ही अद्याप बोलावलेले नाही. तोवर त्या भाकरीचे गोडवे गाण्याचा आम्हांला अधिकार आहे काय?