देऊन राखलेले कंद

केप टाऊनच्या उत्तरेला, अटलांटिकच्या किनाऱ्यावर लांगेबान नावाचं गाव आहे. त्याच्या जवळच्या एका ग्रॅनाइटच्या टेकडीवर १९७३ साली मोरिया लूब्सेरी ही वनस्पती पहिल्यांदा अभ्यासकांच्या नजरेला पडली. निळसर जांभळ्या पाकळ्या आणि मधोमध काळपट, दाट लव. टेकडीवर दगडाची खाण होती. दगड फुटत गेला, तसा हिचा ठावही. मूळ जागी ती आता नावापुरती उरली आहे. पण कॅलिफोर्नियापासून इंग्लंडपर्यंत हौशी बागवाल्यांच्या कुंड्यांत ती बिनधोक फुलते. सुरुवातीचे कंद नि बिया ज्यांच्या हाती लागल्या, त्यांना त्या स्वतःपाशी दडवून ठेवायची बुद्धी झाली नाही, म्हणून हे घडलं.

दक्षिण आफ्रिकेच्या नैर्ऋत्य टोकाला वनस्पतींच्या सुमारे ९,००० जाती आहेत आणि त्यांतल्या दोन-तृतीयांश तरी जगात दुसरीकडे कुठे आपोआप उगवत नाहीत. पाऊस तिथे हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा ठणठणीत. मग लॅशेनेलिया, बबियाना, इक्सिया, स्पॅराक्सिस, फ्रीझिया ही मंडळी सगळी पुंजी जमिनीखाली नेतात आणि उन्हाळाभर झोपून काढतात. यांतल्या कितीतरी जातींचा सगळा संसार एखाद्या टेकडीवर नाहीतर शेताकडेच्या पडीक पट्ट्यात असतो. नांगर फिरला किंवा बंगले उठले, की कारभार आटोपला. फिरोजी रंगाची लॅशेनेलिया विरिडिफ्लोरा घ्या. असा रंग फुलांत विरळाच. ग्रॅनाइटच्या खडकावर मातीचा पातळ थर साचतो, तेवढ्यात ती राहते.

अशा झाडांची हौस असलेल्यांमध्ये एक रीत आहे. दुर्मीळ कंद हाती आला, त्याला पिल्लं फुटली, की पहिली पिल्लं दुसऱ्याला द्यायची. बाहेरच्याला हे औदार्य वाटतं. मला तो रोकडा स्वार्थ वाटतो, आणि त्यात काही कमीपणा आहे असंही वाटत नाही. कुंडीत पाणी जास्त झालं, उंदरानं कंद कुरतडला, मालक आजारी पडला, अशा कशानंही झाड जातं. आपलं विरजण बिघडलं की शेजारून आणतो, आणि शेजारणीकडे ते मुळात आपल्याच घरातून गेलेलं असतं. कंदांचंही तेच. चार घरी दिलेला कंद एका घरी मेला, तरी मागून आणता येतो.

या देण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते झाडाच्या अंगातच आहे. यांतल्या पुष्कळ जातींना स्वतःच्या परागानं बी धरत नाही. एका कंदाची पन्नास पिल्लं केली, तरी झाडाच्या लेखी ती एकच असामी. बी हवं असेल, तर वेगळ्या कुळातला जोडीदार हवा, आणि तो बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणात असतो. म्हणून जाणती माणसं पराग औषधाच्या रिकाम्या कॅप्सुलमध्ये भरतात, ओल धरू नये म्हणून सोबत सिलिका जेल ठेवतात, फ्रीझरमध्ये जपतात आणि टपालानं धाडतात. ‘माझ्याकडे आहे, दुसऱ्या कुणाकडे नाही’ ही फुशारकी संग्राहकाला गोड लागते. झाडाच्या दृष्टीनं तो वंशाचा शेवट.

नेरीनचं बी एकदा तळहातावर घेऊन पाहावं. मटारच्या कोवळ्या दाण्यासारखं, गुबगुबीत, रसरशीत. माती नको, पाणी नको, टपालाच्या पाकिटातच त्याला मूळ फुटतं. असलं बी साठवता येत नाही. पेरा, नाहीतर देऊन टाका. ब्रन्सविजिया तर पेरल्यावर फुलायला दहा-दहा वर्षं घेते, तरी लोक पेरतात आणि उरलेलं बी वाटतात.

क्लिव्हियाची गोष्ट याच्या नेमकी उलट. तिला काटेकोरपणे कंद म्हणता येणार नाही, पण कंदवेडे तिला आपल्यातच धरतात. (नाव प्लासीवाल्या क्लाइव्हच्या नातीवरून पडलंय. कुठली नाळ कुठे जाऊन पोचते!) चीनमधल्या चांगचुन शहरानं १९८४ साली तिला शहराचं फूल ठरवलं. त्या काळात तिथे एकेका रोपाला माणसाच्या कित्येक वर्षांच्या पगाराएवढे भाव आले, चोऱ्या झाल्या, आणि पुढच्याच वर्षी बाजार कोसळला. वाढायला वेळ लावणारं झाड सट्ट्याला सोयीचं असतं. वाटावाटी नेमकी ती सोय मोडते.

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागात पाऊस आपल्यासारखा उन्हाळ्यात येतो. तिकडच्या झाडांना आपली हवा परकी वाटत नाही. मे महिन्यात पुण्या-मुंबईच्या कुंड्यांतून लाल चेंडू उगवतो ती फुटबॉल लिली आफ्रिकेचीच. ती रोपवाटिकेतून आणणारे थोडे. बहुतेकांकडे ती मावशीच्या किंवा शेजाऱ्यांच्या कुंडीतून आलेली असते. केपच्या पश्चिमेकडचे कंद मात्र आपल्या जुलैत कुजतात, त्यांचा हट्ट धरू नये. फुलबाजारात जुडीनं मिळणाऱ्या ग्लॅडिओलसचे पूर्वजही मुख्यतः दक्षिण आफ्रिकेचे. त्याचे संकर युरोपात झाले आणि पैसाही तिकडेच झाला.

इथे मात्र हौशी मंडळींनी जरा खाली मान घालावी. लंडनच्या क्यू उद्यानानं १७७२ साली झाडं जमवायला फ्रान्सिस मॅसनला केपला धाडलं, तेव्हा तिथल्या कुणाची परवानगी विचारण्याचा प्रश्नच नव्हता. आज जे उदारपणे वाटलं जातं, त्यातलं बरंचसं आधी फुकट उचललेलं आहे. म्हणून दक्षिण आफ्रिका आता रानातून काही घ्यायला परवाना मागते, त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. क्लिव्हिया मिराबिलिस २००१ मध्ये सापडली आणि तिच्या रोपांवरही चोरांची नजर गेली. मनी प्लांट चोरून आणलेला चांगला लागतो, अशी आपल्याकडे गमतीची समजूत आहे. रानातली जात चोरली की ती गंमत राहत नाही. ‘हे आलं कुठून?’ हे न विचारता घेणारा संग्राहक चोराचा भागीदार असतो, मग त्यानं पुढे ते कितीही हातांनी वाटलेलं असो.

माझा कौल कंदापेक्षा बियांना. एक तर कंदाबरोबर रोगाचे विषाणूही पाहुणे म्हणून जातात, आणि बियांतून सहसा ते तितके उतरत नाहीत. दुसरं, प्रत्येक बी वेगळं, त्यामुळे जातीतलं वैविध्य टिकतं. आणि पाकिटावर मूळ ठिकाण लिहिलेलं असावं. ठिकाणाची चिठ्ठी हरवलेली मोरिया बागेला शोभा देईल, तिला पुन्हा टेकडीवर नेऊन लावायला कुठलाही शहाणा वनस्पतिशास्त्रज्ञ धजणार नाही. रॉड आणि रेचल साँडर्स हे केप टाऊनचं दाम्पत्य बियांचा व्यवसाय करत होतं आणि ग्लॅडिओलसच्या रानटी जाती जिथल्या तिथे जाऊन शोधत होतं. २०१८ साली क्वाझुलू-नाताळमध्ये त्यांचा खून झाला. त्यांनी जमवलेल्या नोंदी नि फोटो मित्रांनी हाती घेतले आणि २०२१ मध्ये पुस्तक काढलं.

सध्या या वाटावाटीला अडसर आहे तो कागदांचा. डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या जवळपास प्रत्येक बियाण्याला रोगमुक्ततेचा दाखला लागतो, आणि दहा बियांच्या पाकिटापेक्षा दाखलाच महाग पडतो. कीड-रोगांची भीती खोटी नाही. पण अमेरिकेनं वाट काढली आहे. पन्नासपर्यंत बियांची छोटी पाकिटं, आधी घेतलेला परवाना आणि प्रत्येकावर शास्त्रीय नाव नि मूळ देश छापलेला, एवढं असेल तर दाखल्याशिवाय चालतं. हीच सवलत युरोपनं द्यावी, आणि देशाच्या नावाखाली ‘कुठल्या टेकडीवरचं’ ही एक ओळ वाढवावी.